हजेरी आणि सनद

कोल्हापुरात बारावीनंतर लॉला गेलेली मुलं आता नवी कलमं घोकतात. खुनाचं ३०२ होतं, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १०३ झालं. ठीकच. पण फौजदारी कायद्याच्या पहिल्या तासाला शाहू महाराजांची हजेरीबंदी शिकवायला हवी, असं माझं मास्तरकी मत!

महार, मांग, रामोशी, बेरड यांना गुन्हा नसतानाही, केवळ जातीमुळे, हजेरी द्यावी लागे. महाराजांनी १९१८ साली ती बंद केली. पुढे १९२० च्या सुमारास त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना वकिलीच्या सनदाही दिल्या. कालचा संशयित आज वकील म्हणून कोर्टात उभा! आणि गावात लॉ कॉलेज (तेव्हाचं सायक्स, आताचं शहाजी) निघालं ते १९३३ साली.