हक्क मिळाला, पण अर्ज कोण भरून देणार?

ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं ३ सप्टेंबर १९३९ रोजी. दुसऱ्याच दिवशी देशात २०० ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ब्युरो’ उघडले. हे काही एका रात्रीत झालं नाही. नागरिकांसाठी सल्ला केंद्रं असावीत, असं १९२४ सालच्या बेटरटन अहवालात म्हटलं होतं. पुढे युद्धाची चिन्हं दिसू लागल्यावर ‘नॅशनल कौन्सिल ऑफ सोशल सर्व्हिस’ या संस्थेने १९३८पासून तयारी सुरू केली.

येणाऱ्यांचे प्रश्न अगदी रोजचे. रेशनचं पुस्तक हरवलंय. बॉम्बमध्ये घर गेलं, आता रात्री कुठे जायचं? नवरा सैन्यात भरती झाल्यामुळे उत्पन्न घटलंय आणि घेतलेल्या सामानाचे हप्ते थकलेत. युद्धकैदी झालेल्या मुलाचा पत्ता कसा लागेल? १९४२पर्यंत केंद्रांची संख्या १,०७४ झाली. कॅफे, चर्चचे हॉल, लोकांच्या बैठकीच्या खोल्या, हवाई हल्ल्यांचे निवारे, मिळेल तिथे टेबल मांडलं जायचं. एक केंद्र तर घोडे न्यायच्या गाडीत थाटलं होतं. ती गाडी बॉम्ब पडलेल्या भागाजवळ नेऊन उभी करायचे.

टेबलामागे बसणारे बहुतेक जण स्वयंसेवक, आणि त्यात बँकेच्या मॅनेजरसारखी गावातली वजनदार मंडळी बरीच. ज्याच्या बँकेचं देणं आहे त्याच्याचसमोर बसून कर्जाची अडचण सांगणं कुणाला किती जमलं असेल, ही शंका मला येतेच.

स्वयंसेवकाला कायदा पाठ असावा अशी अपेक्षा तेव्हाही नव्हती, आजही नाही. बदलते नियम सोप्या भाषेत लिहून मध्यवर्ती संस्था केंद्रांना पुरवते. स्वयंसेवकाने प्रशिक्षण घ्यायचं, नीट प्रश्न विचारायचे आणि उत्तर शोधून काढायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण माणूस विजेचं थकलेलं बिल घेऊन येतो आणि अर्ध्या तासाने कळतं, की मूळ भानगड बंद झालेल्या सरकारी भत्त्याची आहे. आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात ना, काम थोडंफार तसंच. फरक असा, की इथे पैसे घेत नाहीत, आणि अर्ज करावा की नाही हेही आधी तपासतात.

मला सगळ्यात रंजक वाटतो तो युद्धानंतरचा काळ. राष्ट्रीय विमा आला, १९४८मध्ये मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. मग आता सल्ला कशाला हवा? सरकारी पैसा आटला आणि १९६०पर्यंत जेमतेम ४१६ केंद्रं उरली. हिशोब उलटा होता. प्रत्येक नव्या हक्काबरोबर अटी, मुदती आणि फॉर्म येतात. हक्क जितके वाढतील तितकी ते समजावून सांगणाऱ्याची गरज वाढते. १९५७च्या भाडे कायद्याने अनेक घरांवरची भाडेनियंत्रणं उठवली, तेव्हा लोक घराच्या तक्रारी घेऊन याच उरलेल्या केंद्रांत आले. केंद्रांचं जाळं वाढवायला सरकारने पुन्हा पैसा दिला तो थेट १९७३मध्ये.

या केंद्रांचं दुसरं काम फारसं कुणाला दिसत नाही. आलेला माणूस गेल्यावर त्याच्या अडचणीची नोंद, नाव-गाव वगळून, वर पाठवायची. आम्हा विज्ञानवाल्यांना लगेच खटकतं, की हे सॅम्पल रँडम नाही, इथे अडलेलेच लोक येतात. खरंय. पण अमुक टक्के लोकांना त्रास आहे, असा दावा या नोंदींतून करायचा नसतो. एकमेकांना न ओळखणारी माणसं वेगवेगळ्या गावांत एकाच ठिकाणी ठेचकाळत असतील, तर खड्डा कुठे आहे ते कळतं.

कर्जाच्या हप्त्यांच्या विम्याचं, म्हणजे पीपीआयचं, असंच झालं. ज्यांना भरपाई कधी मिळूच शकली नसती, अशांनाही तो विकला जात होता. केंद्रांत जमलेल्या अशा नोंदींच्या आधारे संस्थेने २००५मध्ये ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’कडे ‘सुपर-कंप्लेंट’ दाखल केली. पुढे चौकशा, कोर्टकज्जे बरीच वर्षं चालले. शेवटी बँका आणि इतर कंपन्यांना ग्राहकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. त्या तक्रारीमागच्या कितीतरी नोंदी अशाच कुणा स्वयंसेवकाने, पुढचा माणूस बाहेर ताटकळत असताना, घाईघाईत भरलेल्या असणार.