मिलिटरीच्या गाडीने अपघात झाला तर भरपाई कोणाकडे मागायची?

बावधन : चांदणी चौक, एनडीए रस्ता, पाषाण, पुढे खडकी-दिघी. मुळशीतला माणूस दूध-भाजी घेऊन शहरात उतरला की वाटेत लष्कराची एखादी तरी गाडी भेटतेच. अशा गाडीने कोणाला उडवलं तर गावात हमखास ऐकू येतं, "मिलिटरीवर केस होत नाही." हे चुकीचं आहे.

लष्करी ट्रक वर्कशॉपमधून तोफखान्याच्या प्रशिक्षण शाळेकडे यंत्र घेऊन जात असताना अपघात झाला होता. सरकारने सार्वभौम कामाची ढाल पुढे केली. मुंबई हायकोर्टाने ती मानली नाही, भरपाईची जबाबदारी केंद्र सरकारवरच टाकली (एआयआर १९६९, मुंबई, पान १३). पुढे सुप्रीम कोर्टानेही लष्करी ट्रकच्या एका प्रकरणात हा बचाव फेटाळला.

फरक आहे तो विम्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे केंद्र सरकारच्या बिगर-व्यापारी गाडीला विम्याची सक्ती नाही. म्हणून विमा कंपनी शोधत बसू नये. दावा लावायचा तो ड्रायव्हर आणि संरक्षण मंत्रालयामार्फत भारत सरकार यांच्यावर. गाडीच्या नंबरात वर टोक असलेला बाण असतो. हा नंबर आरटीओचा नसतो, त्यामुळे बाणासकट पूर्ण नंबरचा फोटो काढून ठेवावा आणि एफआयआर, पंचनाम्यात तोच आला आहे का ते वाचून पाहावं. फोटो नसेल तर साक्षीदार लागतात, आणि ते दोन दिवसांत पांगतात.

युनिटची स्वतःची चौकशी होते. तिच्या निकालाची वाट पाहण्यात घरचे लोक वेळ घालवतात. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, म्हणून उशीर झालेल्यांनीही वकिलाला विचारावं. पण त्या भरवशावर थांबू नये.

दावा पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे शिवाजीनगर कोर्टात. कलम १६६ खाली ड्रायव्हरची चूक दाखवावी लागते. कलम १६४ खाली ती लागत नाही, पण रक्कम ठरलेली : मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख.

१६६ खाली किती फरक पडतो? समजा ३८ वर्षांचा शेतकरी गेला, कमाई महिना १५ हजार, मागे बायको, दोन मुलं, आई. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २१ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००, गुणिले १५. झाले २८ लाख ३५ हजार, शिवाय अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. मात्र कमाई दाखवावी लागते. इथेच शेतकरी मार खातो. डेअरीची बिलं, बाजार समितीच्या पट्ट्या, सातबारा, बँक पासबुक, जे असेल ते जोडावं.

वकिलाची फी परवडत नसेल तर त्याच कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता तिथे मोफत वकील मिळतो.