जुन्या घराच्या परवानगीची कुळकथा

अहिल्यानगर शहराच्या जुन्या वस्तीत ज्याचे वडिलोपार्जित घर आहे, आणि ते घर एखाद्या संरक्षित स्मारकाच्या आसपास उभे आहे, अशा गृहस्थाला गळके माळवद उतरवून स्लॅब टाकावयाचा असो, फुगलेली भिंत काढून नवी उभारावयाची असो, की सारा इमलाच पाडून त्या जागी चार मजले चढवावयाचे असोत, महानगरपालिकेच्या बांधकाम परवान्याबरोबर त्याला पुरातत्त्वाचा ‘ना हरकत’ दाखला मिळवावा लागतो. परंतु त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे, कदाचित त्याहूनही जुन्या आणि कोरीवकामाने नटलेल्या वाड्याचा मालक तो वाडा मोडून त्याचे सागवान विकावयास निघाला, तर त्याच्या वाड्याचे वय किती, हे विचारण्यास त्या दाखल्यामागच्या कायद्याचा कोणताही अधिकारी येत नाही. एकाच पेठेतील दोन घरांना दोन न्याय का, याचे उत्तर त्या दाखल्याच्या मजकुरात सापडणार नाही; ते त्याच्या वंशावळीत आहे.

जुनी वास्तू नीट करावी, ती टाकून देऊ नये, ही भावना आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. मयमत या दाक्षिणात्य शिल्पग्रंथात जीर्ण वास्तूच्या दुरुस्तीला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे, आणि नवे बांधण्यापेक्षा जीर्णाचा उद्धार करण्यात आठपट पुण्य आहे ही समजूत आपल्या धर्मपरंपरेत दृढमूल झालेली आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या आणि २०२४ पासून ज्यांचे नाव या जिल्ह्याने धारण केले त्या अहिल्यादेवी होळकरांनी हिंदुस्थानभर देवळे, घाट आणि विहिरी यांचा जो उद्धार केला, त्यामागे हीच परंपरा उभी होती. मात्र या परंपरेचा विषय प्रामुख्याने देवालय आणि जलाशय हा होता. सामान्य माणसाचे राहते घर तिच्या कक्षेत क्वचितच येत असे.

घराकडे पाहणारी राजसत्तेची दृष्टी निराळी होती. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाला जी कामे नेमून दिलेली होती, त्यांत रस्ते, गल्ल्या आणि घरे यांविषयीच्या तंट्यांचा निवाडा करणे हे एक होते. शेजाऱ्याने भिंत हद्दीबाहेर घेतली, पागोळ्यांचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात सोडले, रस्ता दाबला, असे मामले कोतवाली चावडीपुढे येत; घर जुने आहे म्हणून ते राखावे की न राखावे, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नसे. आणि तो उपस्थित होण्याचे कारणही नव्हते. नगरकडील वाड्याचे जोते घडीव काळ्या दगडाचे, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद, अशी रचना असे. ते माळवद पावसाळ्यापूर्वी पुन्हा माती घालून चोपावे लागे, दर्जांतला चुना बैलाच्या घाण्यात मळावा लागे, वाळवी लागलेली कडी सुताराला बदलावी लागे. म्हणजे घर सतत दुरुस्त होतच असे, पण ते ज्या हातांनी दुरुस्त होई ते हात गवंड्याच्या, पाथरवटाच्या आणि सुताराच्या त्याच घराण्यांतले असत, माल तोच असे, मापे तीच असत. त्यामुळे तीन पिढ्यांनंतर निम्मे सामान नवे झालेले घरसुद्धा आपल्या आळीशी सुसंगत राही. परवानगीचे काम कारागिरीच करीत होती. सिमेंट, लोखंडी सळई आणि पन्हाळी पत्रा येऊन ही कारागिरी जेव्हा मागे पडली, तेव्हाच बाहेरून कोणीतरी विचारणा करण्याची गरज निर्माण झाली.

ती विचारणा आली, पण घराच्या वाटेने आली नाही. मलिक अहमद निजामशाहाने १४९० मध्ये सीना नदीकाठी वसविलेल्या या राजधानीत सरदारांचे महाल, मशिदी, बागा आणि कबरी यांची दाटी होती; निजामशाही गेली, मोगल आले, पेशवे आणि शिंदे आले, आणि १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीने येथील किल्ला घेतल्यानंतर इंग्रजी अंमलाची सावली पडली, तेव्हा या इमारतींपैकी काही ओसाड होत्या, तर काहींत कचेऱ्या भरू लागल्या. निजामशाहीतील चंगीझखानाच्या महालात तर न्यायालय भरत असे. १८६१ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण खाते स्थापन झाले, १८७४ पासून जेम्स बर्जेसने पश्चिम भारताची पाहणी आरंभिली, आणि लॉर्ड कर्झनच्या आग्रहातून १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा जन्माला आला. आजच्या दाखल्याचा मूळ पुरुष हाच. त्याची नजर स्मारकावर खिळलेली होती: दमडी मशीद, बारा इमाम कोटला, शहा डोंगरावरील सलाबतखानाची कबर, अशा एकेका वास्तूवर. तिच्या सभोवारची घरे हा त्या दृष्टीला केवळ परिसर होता. १९५८ च्या कायद्याने शंभर वर्षे जुनी वास्तू स्मारक मानण्याजोगी ठरविली, परंतु संरक्षणासाठी ती राष्ट्रीय महत्त्वाची असावी लागे. वाड्यांच्या वाट्याला ते महत्त्व फारसे येत नाही.

स्मारक राखले तरी त्याच्या अंगाला भिडून इमारती उठू लागल्या, तेव्हा १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित क्षेत्र ठरविले. प्रतिबंधित क्षेत्रातही मध्यंतरी सल्लागार समितीच्या शिफारशीवरून बांधकामास परवानग्या दिल्या गेल्या. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती पद्धत बेकायदा ठरविली, आणि २०१० च्या दुरुस्ती कायद्याने या हद्दी थेट कायद्याच्या कलमांत बसविल्या, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण निर्माण केले. आता अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, त्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय प्राधिकरणाकडे पाठवावा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत अभिप्राय द्यावा आणि त्यानंतर एका महिन्यात निर्णय व्हावा, असा शिरस्ता आहे. स्मारक एका बिंदूएवढे धरले तरी ३०० मीटरच्या वर्तुळात सुमारे २८ हेक्टर, म्हणजे ७० एकर जागा येते. दाट पेठेत एवढ्या जागेत किती संसार नांदतात, हे सांगावयास नको.

या कायद्यातील एक तपशील घरमालकाच्या दृष्टीने निर्णायक आहे. १६ जून १९९२ पूर्वीचे घर प्रतिबंधित क्षेत्रात असेल, तर त्याची दुरुस्ती व नूतनीकरण करण्यास परवानगी मागता येते; पुनर्बांधणीस येत नाही. ती मुभा पलीकडच्या २०० मीटरांपुरतीच आहे. म्हणून मातीच्या भिंतीचे जे घर एका अतिवृष्टीत बसले, ते मूळच्याच मापाने, मूळच्याच मालाने पुन्हा उभे करावयाचे म्हटले तरी मार्ग सापडत नाही. जुन्याच्या रक्षणासाठी केलेल्या नियमाने जुने घर निराधार व्हावे, हे या वंशावळीचे सरळ फळ आहे. कारण या कुळात घर हे रक्षणाचा विषय म्हणून कधी जन्मलेच नाही.

अन्यत्र मात्र दुसरे कूळ वाढले. अमेरिकेतील चार्ल्सटन नगराने १९३१ मध्ये जुन्या वस्तीतील घरांच्या बाह्य स्वरूपातील बदल मंडळापुढे ठेवण्याचा नियम केला. फ्रान्सने १९४३ मध्ये स्मारकाभोवती ५०० मीटरचे वर्तुळ आखले. पण १९६२ च्या कायद्याने तो देश वर्तुळापाशी न थांबता सबंध जुन्या वस्त्यांच्या रक्षणाकडे वळला. आपल्याकडे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने वारसा इमारत आणि वारसा परिसर यांना स्थान मिळाले, आणि १९९५ साली मुंबईत वारसा नियमावली अमलात आली. तिने इमारतींच्या श्रेणी पाडल्या, त्यांची यादी केली, आणि दर्शनी भाग बदलावयाचा असो वा आतली रचना, श्रेणीप्रमाणे कमीअधिक कठोर तपासणी समितीकडे सोपविली. स्मारकाच्या शेजारी असण्याने नव्हे, स्वतःच्या गुणाने घर येथे विचारार्ह ठरते. हा फरक लहान नाही.

जिथे हे दुसरे कूळ पोचलेले नाही, तिथे वाड्याविषयी सरकारी विचारणा येते ती बहुधा एकाच रूपाने: महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालील धोकादायक इमारतीच्या नोटिशीने. त्या नोटिशीत पडण्याचा धोका पाहिला जातो, आणि तो पाहिलाच पाहिजे. परंतु खांब बदलून, तुळईला आधार देऊन, माळवदाचा भार उतरवून वाडा वाचेल की नाही, हा प्रश्न ती नोटीस सहसा विचारीत नाही. त्यात जुन्या भाडेनियंत्रणामुळे दुरुस्तीइतकेही उत्पन्न न देणारी मिळकत, आणि वारसांची नावे वाढत जाऊन लांबलेली मिळकतपत्रिका, यांची भर पडली की मालकाला विकसकाचा करार हाच सुटकेचा मार्ग वाटतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. ज्या समाजाला वाडा हवा आहे त्याने मालकाला एकटे सोडले आहे.

माझे मत स्पष्ट आहे. नगर शहरातील पेठा, श्रीगोंदे व जामगाव येथील शिंदेकालीन वाडे, खर्ड्याचा निंबाळकरांचा वाडा आणि गावोगावच्या गढ्या यांचा विचार स्मारकाच्या अंतरावरून न होता त्यांच्या स्वतःच्या योग्यतेवरून व्हावयास हवा, आणि त्यासाठी वास्तुशास्त्र जाणणाऱ्यांबरोबर चुन्याचे काम जाणणारा गवंडी व कडीपाट जाणणारा सुतार ज्या समितीत बसतील अशी समिती, तिने केलेली श्रेणीवार यादी, आणि यादीत आलेल्या घरमालकाला घरपट्टीत सूट, दुरुस्तीस अर्थसाहाय्य व ठरलेल्या मुदतीत निकाल, या गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत. नुसती यादी केली आणि बाकीचे विसरले, तर आपण मालकावर आणखी एक मनाई लादू. प्रतिबंधित क्षेत्रात कोसळलेले घर मूळ मापाने व मूळ मालाने पुन्हा बांधू देण्याची तजवीजही कायद्यात व्हावी. नगरच्या नागरिकांनी हे काम सरकारची वाट न पाहता आपल्या आळीपासून सुरू करावे: घराचे मोजमाप घ्यावे, छायाचित्रे काढावीत, जुने दस्तऐवज जपावेत, आणि वाडा पाडण्याचा करार करण्यापूर्वी तो दुरुस्त करण्यास किती खर्च येईल, हे एका जाणत्या कारागिराला एकदा अवश्य विचारावे.