रिफंड रखडतो कुठे? थोडा मागचा हिशेब

जुलै आला की ओळखीपाळखीचे लोक मला दोनच गोष्टी विचारतात. रिटर्न कधीपर्यंत भरायचा, आणि गेल्या वेळचा रिफंड एवढा का रखडला? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, पगारदारांसाठी साधारण ३१ जुलै. दुसऱ्यासाठी बरंच मागं जावं लागतं.

१८५७ च्या उठावानं सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती भरायला जेम्स विल्सनसाहेबांनी २४ जुलै १८६० ला आपल्याकडे प्राप्तिकर आणला. वर्षाला २०० ते ५०० रुपये कमावणाऱ्याला २ टक्के, त्यापुढे ४ टक्के. साहेब स्वतः ११ ऑगस्टला कलकत्त्यात वारले, म्हणजे त्यांना या कराचे तीन आठवडेसुद्धा पाहायला मिळाले नाहीत. कर पुढे उठला, परत आला आणि १८८६ मध्ये कायमचा बसला.

१९२२ च्या कायद्यात कलम १८ होतं पगारातून कर आधीच कापून घेण्याचं, आणि कलम ४८ होतं जास्त गेलेला परत मागण्याचं. मेख इथेच आहे. कापणं आपोआप, मिळणं मात्र मागितल्यावर. १९६१ च्या कायद्यानंही हीच रीत ठेवली.

कागदाच्या काळात रिटर्नला कर कापल्याचे दाखले जोडायचे, अधिकारी ते तपासणार, मग व्हाउचर निघणार. एक दाखला फायलीतून गहाळ झाला की वर्ष गेलं. हे फक्त गरीब पगारदाराचंच रडगाणं होतं असं नाही. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीला १९७७-७८ पासूनच्या काही वर्षांचे परताव्यावरचे व्याजाचे पैसे मिळायला १२ ते १७ वर्षं लागली. मुंबई उच्च न्यायालयात कंपनी हरली. जानेवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या दिरंगाईबद्दल सरकारला ९ टक्क्यांनी भरपाई द्यायला लावली. लोकांना वाटलं, आता व्याजावर व्याज मिळणार! २०१३ मध्ये त्याच न्यायालयानं खुलासा केला की ती त्या प्रकरणापुरती भरपाई होती, बाकीच्यांना कायद्यात लिहिलंय तेवढंच.

आता कायद्यात काय लिहिलंय ते बघा. रिफंडवरच्या व्याजाचं कलम २४४अ १९८९ पासून लागू झालं, तेव्हा दर होता महिन्याला दीड टक्का. १९९१ मध्ये एक झाला. २००३ पासून अर्धा. आणि आपण कर भरायला उशीर केला तर? महिन्याला एक टक्का. म्हणजे सरकारचा उशीर आपल्या उशिरापेक्षा निम्म्यानं स्वस्त. त्यात रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याज शून्य. मला विचाराल तर रिफंड रखडण्याचं एक मोठं कारण हेच आहे, उशीर सरकारला महाग पडतच नाही.

२००९-१० च्या सुमारास बंगळुरूचं प्रक्रिया केंद्र सुरू झालं. रिटर्न ऑनलाइन भरायचा, पण सही केलेली पावती टपालानं बंगळुरूला धाडायची, तीही १२० दिवसांत. घडी अशी घाला, स्टेपल मारू नका, बारकोडवर काही लिहू नका. मीसुद्धा ती पाठवून मग पोहोचल्याचा मेल येतो का ते रोज बघत बसायचो. २०१५ मध्ये ओटीपीची सोय आली आणि ही कटकट सुटली.

पण केंद्राबरोबर दुसरंच झेंगट आलं. जुन्या रजिस्टरांतल्या थकबाक्या संगणकात चढवल्या गेल्या, त्यातल्या कित्येक चुकीच्या, आणि लोकांचे रिफंड परस्पर त्यात वळते व्हायला लागले. एका चार्टर्ड अकाउंटंटच्या पत्रावरून दिल्ली उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. मार्च २०१३ मध्ये न्यायालयानं बजावलं की कलम २४५ खाली आधी नोटीस द्या, करदात्याचं ऐका, मगच वळते करा.

म्हणून सांगतो, आज रिफंड अडकतो तो टपालात नाही, जुळवाजुळवीत. २६एएस आणि एआयएसमधले आकडे आपल्या रिटर्नशी ताडून बघा. कंपनीनं कापलेला कर तिथे दिसत नसेल तर आधी कंपनीच्या मागे लागा. १ मार्च २०१९ पासून रिफंड फक्त पॅनशी जोडलेल्या, पोर्टलवर पडताळलेल्या खात्यातच येतो. बँकांचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदलला असेल तर तोही तपासा. रिटर्न भरून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा (पूर्वी १२० होते, ऑगस्ट २०२२ पासून ३०). २४५ ची नोटीस आली तर गप्प बसू नका, गप्प बसणं म्हणजे कबुली धरली जाते. आणि रिटर्न मुदतीत भरा. मुदतीत भरला तर कापलेल्या कराच्या रिफंडवर व्याज १ एप्रिलपासून मोजतात, उशिरा भरला तर भरल्या तारखेपासून. उशीर तुमच्यामुळे झाला असेल तर तेवढा काळ व्याजातून वगळतात. मिळालेलं व्याजही पुढच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा नवा कायदा लागू. भाषा सोपी केली, कलमं कमी केली. रिफंडवरचं व्याज तेवढं महिन्याला अर्धा टक्काच ठेवलंय.