उपनगरांतील मोबाइल दूरध्वनि : स्पर्धा आणि सेवा

दूरध्वनि हें यंत्र मुंबईस नवें नाहीं. १८८२ सालीं या शहरांत पहिलें दूरध्वनि-केंद्र उघडलें आणि पुढें साठ वर्षें खाजगी कंपनीनें तो कारभार पाहिला. १९४३ मध्यें सरकारनें तो आपल्या हातीं घेतला व १९८६ मध्यें महानगर टेलिफोन निगम या सरकारी संस्थेकडे सोंपविला. मालक बदलले, परंतु प्रत्येक वेळीं मालक एकच होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९५० मध्यें अंधेरी, घाटकोपर हा भाग आणि १९५७ मध्यें बोरिवली, मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईंत सामील झाला. लोकवस्ती भराभर वाढली. दूरध्वनि त्या मानानें वाढले नाहींत. अर्ज करावा आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी, असा क्रम होता. शेजाऱ्याच्या घरचा क्रमांक ‘पी. पी.’ हीं दोन अक्षरें जोडून आपल्या पत्रावर छापणारे गृहस्थ मध्यमवर्गांत पुष्कळ होते. आजारपणाची किंवा मृत्यूची वार्ता अपरात्रीं त्या शेजाऱ्याच्या घरीं प्रथम येई आणि मग तो दार ठोठावी. दुकान एकच असलें म्हणजे गिऱ्हाइकानें रांगेंत उभें राहावें, यापलीकडे त्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानें ही स्थिति पालटण्यास आरंभ झाला. मुंबईंतील मोबाइल सेवेचे परवाने दोन कंपन्यांना मिळाले. बीपीएल मोबाइल ही एक आणि ‘मॅक्स टच’ या नांवानें व्यवहार करणारी हचिसन मॅक्स ही दुसरी. १९९५ मध्यें दोन्ही सेवा सुरू झाल्या. दुकानें दोन झालीं खरीं, पण माल श्रीमंतांचाच राहिला. गर्दीच्या वेळीं मिनिटास सोळा रुपयांपर्यंत दर पडे आणि आलेलें बोलणें ऐकण्यासही पैसे द्यावे लागत. म्हणून यंत्र वाजलें कीं क्रमांक पाहून तें बंद करावयाचें व कोपऱ्यावरच्या सार्वजनिक दूरध्वनीवरून उलट बोलावयाचें, अशी युक्ति कित्येक मोबाइलधारक योजीत. दोनच व्यापारी असले म्हणजे ते एकमेकांशीं लढण्यापेक्षां एकमेकांकडे पाहून चालतात, हा बाजारांतला जुना अनुभव येथेंही आला.

१९९७ मध्यें भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झालें. १९९९ च्या नव्या धोरणानें कंपन्यांवरील ठराविक परवाना-शुल्काचा बोजा उतरवून त्याऐवजीं उत्पन्नाचा हिस्सा घेण्याची पद्धति आणली. २००१ मध्यें महानगर टेलिफोन निगमची ‘डॉल्फिन’ सेवा मुंबईंत आली. २००२ मध्यें एअरटेल आली. पाठोपाठ रिलायन्स व टाटा यांच्या सेवा आल्या. १ मे २००३ पासून आलेल्या बोलण्याचे पैसे पडेनासे झाले. त्याच पावसाळ्यांत रिलायन्सनें प्रारंभीं ५०१ रुपये घेऊन यंत्र हातीं देण्यास सुरुवात केली. २००९ मध्यें टाटा डोकोमोनें मिनिटाऐवजीं सेकंदास एक पैसा असा हिशेब मांडला, आणि इतरांनाही तोच मार्ग धरावा लागला. रिक्षावाला, नळदुरुस्ती करणारा, घरोघर पोळ्या करणारी बाई, सर्वांच्या हातीं मोबाइल आला. ज्याला तेवढाही खर्च नको असेल तो एकदां घंटी वाजवून बंद करी. स्टेशनवर गाडी पोंचली एवढें घरच्यांना त्यावरून कळे. एकाधिकाराला शंभर वर्षांत जें साधलें नाहीं, तें स्पर्धेनें दहा-पंधरा वर्षांत साधलें, हें मान्य केलें पाहिजे.

परंतु स्वस्ताई ही एक वस्तु आणि भरंवसा ही दुसरी. मोबाइलच्या प्रत्येक मनोऱ्याला एका वेळीं ठराविकच संभाषणें पेलतां येतात. गिऱ्हाइकें दुप्पट झालीं आणि मनोरे तितकेच राहिले, तर आवाज तुटणारच. त्यांत उपनगरांची रचना विशेष अडचणीची आहे. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्यें राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत. घाटकोपरच्या टेकडीवर घराला घर खेटून आहे. आणि सायंकाळच्या लोकल गाडींतून हजारों संभाषणें एका मनोऱ्याच्या कक्षेंतून दुसऱ्याच्या कक्षेंत धांवत असतात. पुढच्या मनोऱ्यावर जागा नसली कीं बोलणें अर्ध्यावर तुटतें.

या उणिवेची खरी कसोटी दोन प्रसंगीं लागली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीज गेली, आणि तारेचे व बिनतारी दोन्ही दूरध्वनि ठिकठिकाणीं मुके झाले. मुलें शाळेंत, वडील कचेरींत, आई घरांत, आणि कोणाचा कोणास पत्ता नाहीं, अशी ती रात्र गेली. पुढच्याच वर्षीं, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळीं, पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले. खार, जोगेश्वरी, बोरिवली हीं स्थळें त्यांत होतीं. ज्याचा माणूस त्या मार्गावर होता तो प्रत्येक जण एकाच घटकेस क्रमांक फिरवूं लागला आणि सर्व जाळीं तुंबलीं. त्या वेळीं मुंबईंत सहा कंपन्या एकमेकींशीं स्पर्धा करीत होत्या. दर उतरविण्यांत त्यांची चढाओढ होती. वर्षांतून एखाद्या संध्याकाळीं लागणारी जादा शक्ति राखून ठेवण्यांत मात्र कोणाचाच फायदा नव्हता. गिऱ्हाइकाला दर दुकानांत दिसतो, आणि सेवेची प्रत संकट आल्यावर दिसते.

ही त्रुटि कायद्यानें भरून काढावी लागते. प्राधिकरणाच्या २००९ च्या नियमांनीं तुटणाऱ्या संभाषणांचें प्रमाण शेंकडा दोनच्या आंत असावें असें ठरविलें. मात्र हें प्रमाण सबंध मुंबई परिमंडळाच्या सरासरीवर मोजलें जाई. अंधेरीच्या एखाद्या गल्लींत आवाज पोंचत नसला तरी सरासरी निर्दोष राहूं शके. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. तिचें मोल २०१४ मध्यें उपनगरवासीयांस विशेष कळलें. मुंबईच्या पहिल्या दोन कंपन्यांपैकीं बीपीएल मोबाइल ही पुढें ‘लूप’ या नांवानें चालत असे. त्या नोव्हेंबरांत परवान्याची मुदत संपून ती बंद पडली. तरी जे गिऱ्हाईक वेळेवर दुसरीकडे गेले त्यांचा क्रमांक शाबूत राहिला.

ऑक्टोबर २०१५ मध्यें प्राधिकरणानें आणखी एक पाऊल टाकलें. तुटलेल्या प्रत्येक संभाषणास एक रुपया, दिवसाकांठीं अधिकांत अधिक तीन रुपये, अशी भरपाई कंपन्यांनीं द्यावी असा नियम केला. ११ मे २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. शेंकडा दोनची सूट एका नियमानें द्यावी आणि ती पाळणाऱ्यासही दुसऱ्या नियमानें दंड करावा, ही विसंगति न्यायालयास मान्य झाली नाहीं. त्याच वर्षीं ५ सप्टेंबरास जिओची सेवा सुरू झाली, आणि तिच्या गिऱ्हाइकांचीं संभाषणें इतर कंपन्यांच्या जाळ्यांत शिरतांना मोठ्या प्रमाणावर अडूं लागलीं. दोन जाळ्यांच्या सांध्यावर हजारीं पांचांहून अधिक संभाषणें अडतां कामा नयेत असा दंडक होता. सांधे पुरेसे दिले नाहींत म्हणून प्राधिकरणानें तीन कंपन्यांवर एकूण ३,०५० कोटि रुपयांच्या दंडाची शिफारस केली. कंपन्यांनीं आरोप नाकारला. एका कंपनीचा माणूस दुसऱ्या कंपनीच्या माणसाशीं बोलतो. त्यामुळें या धंद्यांत प्रतिस्पर्ध्यांस सहकार्यही करावें लागतें, हें त्या वादानें उघड केलें.

पुढें दर इतके उतरले कीं कित्येक कंपन्या टिकल्या नाहींत. ऑगस्ट २०१८ मध्यें व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. २०१९ मध्यें टाटांचीं गिऱ्हाइकें एअरटेलकडे गेलीं. आज तीन खाजगी कंपन्या व एक सरकारी सेवा एवढेंच उरलें आहे, आणि २०१९ व २०२४ मध्यें खाजगी कंपन्यांनीं लागोपाठ दर चढविले. कंपनी बदलण्याचा हक्क कायम आहे. परंतु जाण्यास दारें थोडीं राहिलीं म्हणजे त्या हक्काचें तेज कमी होतें. म्हणूनच २०२४ च्या नव्या नियमांचें महत्त्व अधिक. त्यांनीं सेवेची मोजणी तिमाहीवरून महिन्यावर आणण्याचें ठरविलें, आणि एखाद्या जिल्ह्यांत चोवीस तासांहून अधिक काळ सेवा खंडित राहिल्यास गिऱ्हाइकास भरपाई लागू केली.

यांत नागरिकांचाही वाटा आहे. घरांत आवाज स्पष्ट यावा, पण मनोरा आपल्या इमारतीच्या गच्चीवर नसावा, अशी वृत्ति उपनगरांतील अनेक सोसायट्यांत आढळते. किरणांची भीति लक्षांत घेऊन १ सप्टेंबर २०१२ पासून सरकारनें त्यांची मर्यादा पूर्वीच्या एक-दशांशावर आणली आहे. ती पाळली जाते कीं नाहीं हें विचारण्याचा हक्क प्रत्येकास आहे, पण मनोराच नको म्हणून आवाज कोठून येणार? स्वस्त बोलणें बाजारानें दिलें. पुढच्या एखाद्या २६ जुलैच्या रात्रीं मुलुंडच्या आईस अंधेरींत अडकलेल्या मुलाचा आवाज ऐकूं यावयाचा असेल, तर नियम करणारे, ते पाळणारे आणि गच्ची देणारे, या तिघांनींही पाऊस येण्यापूर्वीं आपापलें काम उरकलेलें असलें पाहिजे.