रिकार्डोची ऐंशी माणसं

बी.कॉम. झालेल्या माणसाला जगातले दोनच देश नीट माहीत असतात. एक इंग्लंड आणि दुसरा पोर्तुगाल. इंग्लंडात कापड होतं आणि पोर्तुगालात वाइन होते. बाकीचे देश परीक्षेला येत नाहीत.

या ज्ञानाचे जनक डेव्हिड रिकार्डो. १८१७ साली त्यांनी ग्रंथ लिहून हिशेब मांडला तो असा : वर्षभराचं ठरावीक कापड काढायला इंग्लंडला १०० माणसं लागतात आणि ठरावीक वाइन करायला १२०. पोर्तुगालला तेच कापड ९० माणसांत होतं आणि वाइन ८० माणसांत. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत हुशार. तरीही त्याने कापडाच्या भानगडीत न पडता वाइनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं. त्यातच दोघांचं भलं! जो कारकून टायपिंगही बरं करतो आणि नोटाही भराभर मोजतो, त्याला मॅनेजर जन्मभर नोटाच मोजायला बसवतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

ही ऐंशी माणसं नेमकी कुठे काम करायची, हे मात्र आमच्या सरांनी कधी सांगितलं नाही. ते कळलं भाचा पोर्तो शहरात नोकरीला लागल्यावर. तिथून दोरू नदीच्या काठाकाठाने आगगाडी आत जाते. अडीच-तीन तासांत पिन्यांव नावाचं चिमुकलं स्टेशन येतं. स्टेशनच्या भिंतींवर निळ्या फरशा आणि त्यांवर द्राक्षतोडणीची चित्रं. आमच्याकडे अशा जागी ‘खिसेकापूंपासून सावध रहा’ लिहिलेलं असतं.

आम्ही तिथे डोंगर बघायला, पायी हिंडायला आणि होडीत बसायला चाललो आहोत, हे शाखेत कुणालाही पटलं नाही. वाइनच्या गावी जाऊन नुसता निसर्ग बघायचा, म्हणजे तमाशाला जाऊन ढोलकी कुठल्या लाकडाची आहे, असं विचारण्यासारखं आहे, असं आमच्या हेडकॅशिअरांचं मत पडलं. सौ.ने मात्र भक्कम पाठिंबा दिला. त्यामागे निसर्गप्रेम किती आणि खबरदारी किती, ते मी विचारलं नाही.

ऊन मात्र भरपूर. इथे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, अशी तिकडची म्हणच आहे. समुद्राकडून येणारे ढग मारांवच्या डोंगराला अडतात आणि पाऊस पलीकडेच उरकून घेतात. सह्याद्री अलीकडच्यांना भिजवून पलीकडच्यांना कोरडं ठेवतो, तशातलाच प्रकार. आपली नाशिक-तासगावची द्राक्षंसुद्धा पलीकडचीच.

पिन्यांवहून वरच्या गावाला चढून गेलो. चढ असा की, अर्ध्या वाटेवर रिकार्डोही आठवेना. वर पोचून मागे वळलो, तर खाली नदीचं हिरवं वळण आणि दोन्ही तीरांवर पायऱ्याच पायऱ्या. डोंगराला पायथ्यापासून माथ्यापर्यंत कुणी कंगवा फिरवावा, तशा द्राक्षांच्या ओळी. सौ. म्हणाली, “अहो, देवाने किती मन लावून केलंय हो!”

देवाने इथे केला होता फक्त खडक. तोही पाटीच्या दगडासारखा, पापुद्रे सुटणारा. माती जवळपास नाहीच. माणसांनी तो खडक फोडला, त्याचाच चुरा माती म्हणून पसरला आणि निघालेल्या दगडांच्या भिंती रचल्या. चुना नाही, गारा नाही, नुसता दगडावर दगड. त्यासाठी शेजारच्या स्पेनमधल्या गॅलिसियातून गरीब मजुरांचे जथे येत. भिंत पडली की पुन्हा रचायची, असं पिढ्यान् पिढ्या.

हे सगळं चाललं ते मुख्यतः इंग्रजांच्या घशासाठी. फ्रान्सशी त्यांचं सारखं भांडण. तेव्हा १७०३ साली जॉन मेथ्युएन या वकिलाने पोर्तुगालशी चार ओळींचा तह केला. पोर्तुगालने इंग्रजांचं लोकरी कापड घ्यावं आणि इंग्लंडने पोर्तुगालच्या वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश जकात कमी घ्यावी. म्हणजे रिकार्डोंनी मांडला तो व्यवहार शंभर वर्षं आधीच ठरून गेला होता. अर्थशास्त्रज्ञ आणि ऑडिटर नेहमी मागाहूनच येतात.

मागणी वाढली तशी भेसळही वाढली. वाइनचा रंग गडद दिसावा म्हणून एल्डर नावाच्या झाडाच्या काळ्या फळांचा रस बिनदिक्कत मिसळू लागले. इकडे १७३९ साली चिमाजी अप्पा पोर्तुगिजांकडून वसई घेत होते, त्या सुमाराला तिकडे हा उद्योग जोरात होता. अखेर लंडनचं गिऱ्हाईक बिथरलं आणि भाव कोसळले.

मग पुढे आले पोंबालचे मार्क्विस. १७५५च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभं करणारा हा कडक प्रधान. त्याने १७५६ साली एक सरकारी कंपनी काढली, पोर्ट वाइनचा प्रदेश आखून दिला आणि हद्दीवर ग्रॅनाइटचे तीनशेहून जास्त खांब पुरले. एल्डरची झाडं मुळासकट उपटवली. १७५७ साली पोर्तोचे लोक कंपनीविरुद्ध रस्त्यावर आले, तेव्हा पुढाऱ्यांना सरळ फासावर दिलं. ते हद्दीचे खांब आता प्रवासी हौसेने शोधतात आणि शेजारी उभे राहून फोटो काढतात.

नदीही आजच्यासारखी गरीब नव्हती. १८६१ साली व्हालैरा इथल्या धबधब्यासारख्या ओढीत होडी उलटून जोसेफ फॉरेस्टर बुडाला. दोरूचा सुरेख नकाशा काढणारा हा इंग्रज व्यापारी. दंतकथा अशी की, कंबरेच्या सोन्याच्या नाण्यांनी त्याला खाली नेलं. आणि त्याच होडीतल्या द्राक्षमळेवाल्या दोना आंतोनिया फेरैरा आपल्या फुगीर झग्यामुळे तरंगल्या. बँकेत काम करणाऱ्याने या कथेवर फार विचार करू नये. पुढे १९७०च्या दशकात धरणं झाली, नदी निमूट झाली आणि आता त्याच पाण्यात आमच्यासारखे लोक लाइफ-जॅकेट घालून शेंगदाणे खात बसतात.

फॉरेस्टरच्या मागोमाग अमेरिकेतून फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड आली. मळेच्या मळे वाळले. अमेरिकन वेलाच्या मुळावर इथलं कलम बांधण्याचा उपाय सापडला, पण तोवर कितीतरी लोक देशोधडीला लागले. त्यांच्या टाकलेल्या पायऱ्या अजून दिसतात : भिंती शाबूत, मध्ये नुसतं रान. त्यांना तिकडे ‘मोर्तोरियू’ म्हणतात. त्यात ‘मृत्यू’ आपल्यालाही ऐकू येतो.

२००१ साली युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, तो निसर्ग म्हणून नव्हे. माणसाने घडवलेला देखावा म्हणून. हा निकाल मला फार आवडला. रिकार्डोंच्या हिशेबात वर्षाची ऐंशी माणसं आहेत. त्या ऐंशींना उभं राहायला जागा कुणी केली, ते खतावणीत कुठेच नाही. डोंगर जमेला धरला आणि भिंती रचणारे नावे टाकायचे राहिले.

पोर्तुगिजांनी आपल्याला पाव दिला, बटाटा दिला, हे आपण चवीने सांगतो. पण मराठीतला ‘पिंप’ त्यांच्या ‘पिपा’वरून आला, आणि पोर्ट वाइन आजही त्या पिपांतच मोजतात. ‘घमेलं’ त्यांचंच. ‘पगार’ही त्यांचाच. त्या डोंगरावर ज्यांनी आयुष्यभर घमेली उचलली, त्यांनी पिंपं इंग्लंडला पाठवली. पगाराचं काय झालं, ते रिकार्डोंनी लिहिलेलं नाही.