मालवाहू जहाजं वाढली, जोखीमही वाढली : मुंबईच्या ‘चित्रा’पासून वाढवणपर्यंत

बालाघाट : जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही. तरी समुद्रावर काही बिघडलं की त्याची झळ वैनगंगेच्या काठापर्यंत पोहोचते. बालाघाट, गोंदिया, भंडारा हा सगळा धानाचा पट्टा. इथला तांदूळ देशाबाहेर जायचा तर जहाजच लागतं. बाहेरून येणारं खत, यंत्रांचे सुटे भाग, घरातला टीव्ही हेही बहुतेक जहाजानंच येतं. ही जहाजं गेल्या काही दशकांत अवाढव्य झाली आहेत. त्यानं भाडं स्वस्त झालं, पण अपघात झाला तर नुकसानही तेवढंच मोठं.

किती मोठी झाली जहाजं?

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतून ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन निघालं. कंटेनर वाहतुकीची सुरुवात तिथून मानतात. २००६ मध्ये आलेलं ‘एम्मा मर्स्क’ जवळपास ३९७ मीटर लांब होतं. जून २०२५ मध्ये केरळच्या विळिंजम बंदरात ‘एमएससी इरिना’ आलं. त्याची लांबी ३९९.९ मीटर, रुंदी ६१.३ मीटर आणि क्षमता २४,३४६ टीईयू. टीईयू म्हणजे २० फुटी कंटेनरचं माप.

हा आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर रेल्वेचा हिशेब करून पाहावा. एका नेहमीच्या कंटेनर मालगाडीत ४५ वॅगन असतात, म्हणजे २० फुटी ९० कंटेनर. ‘इरिना’ पूर्ण भरायला अशा सुमारे २७० मालगाड्या लागतील. तेवढा माल एकाच जहाजात, आणि ते चालवायला साधारण दोन-अडीच डझन माणसं.

मुंबईनं काय पाहिलं?

७ ऑगस्ट २०१०. न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरातून ‘एमएससी चित्रा’ बाहेर पडत होतं आणि ‘खलिजिया-३’ मुंबईकडे येत होतं. दोन्ही एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ एका बाजूला कललं आणि त्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले. सुमारे ८०० टन तेल सांडलं. काही कंटेनरांत कीटकनाशकंही होती. सगळे ३३ कर्मचारी वाचले, पण तरंगणाऱ्या कंटेनरांमुळे मुंबई आणि जेएनपीटी या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. तेलाचा तवंग किनाऱ्याला लागला, लोकांनी मासे घेणं टाळलं आणि कोळी बांधवांचा धंदा बसला.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की ‘चित्रा’वर होते जेमतेम १,२१९ कंटेनर. आजच्या मोठ्या जहाजांपुढे हे अगदीच लहान. एवढ्याशा जहाजानं देशातली दोन प्रमुख बंदरं अडवली, तर वीसपट मोठं जहाज आडवं झालं तर काय होईल, हा प्रश्न तेव्हापासून आहेच.

आकार वाढला की अडचण कुठं येते?

*वळणं आणि थांबणं.* मोठं जहाज लगेच थांबत नाही. कंटेनरांचे उंच थर शिडासारखे वारा धरतात. २३ मार्च २०२१ रोजी ४०० मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. त्यावरचे २५ कर्मचारी भारतीय होते. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर इथं सुमारे ३०० मीटर लांबीच्या ‘डाली’ची वीज गेली आणि ते पुलाच्या खांबावर आदळलं. पूल कोसळला, त्यावर काम करणारे सहा मजूर गेले. वीज जाण्यामागे एक नीट न बसलेली वायर होती, असं तिथल्या तपास यंत्रणेनं नंतर सांगितलं. १९७७ मध्ये तो पूल खुला झाला, तेव्हा एवढी जहाजं नव्हती.

*आग.* कंटेनर बंद असतो, आत काय पेटलं ते लवकर कळत नाही. खालच्या थरातल्या आगीपर्यंत पाणी पोहोचवणं फार कठीण. मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात ‘मर्स्क होनम’ पेटलं. जहाज जेमतेम वर्षभर जुनं, तरी पाच जणांचा जीव गेला. ९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा शेव्याकडे येणाऱ्या ‘वान हाय ५०३’ ला केरळच्या किनाऱ्यापासून दूर आग लागली. १८ जणांना वाचवता आलं, चार जण बेपत्ता झाले.

*थर कोसळणं.* नोव्हेंबर २०२० मध्ये प्रशांत महासागरात ‘वन एपस’ वरून १,८१६ कंटेनर पाण्यात गेले. लाटांचा ताल आणि जहाजाचं डोलणं जुळलं की वरचे थर पत्त्याच्या बंगल्यासारखे ढासळतात.

*सांगाडा तुटणं.* १७ जून २०१३ रोजी हिंदी महासागरात ‘एमओएल कम्फर्ट’ चक्क मधोमध दोन तुकडे होऊन तुटलं. जहाज २००८ चं, लांबी ३१६ मीटर. २६ जण वाचले. चार हजारांहून जास्त कंटेनर मात्र गेले.

दोष फक्त आकाराचाच का?

नाही. २५ मे २०२५ रोजी कोची जवळच्या समुद्रात बुडालेलं ‘एमएससी एल्सा ३’ मोठं नव्हतं. ते १९९७ चं जुनं जहाज, त्यावर ६४० कंटेनर होते. तोल राखायला टाक्यांत पाणी भरतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. त्यातल्या बिघाडाकडे प्राथमिक माहितीत बोट दाखवलं गेलं. श्रीलंकेजवळ २०२१ मध्ये जळून बुडालेलं ‘एक्स-प्रेस पर्ल’ही मध्यम आकाराचं. त्यावरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक ॲसिड गळत होतं. तो उतरवून घ्यायला गुजरातच्या हझिरा बंदरानं नकार दिला होता.

म्हणजे जुनं जहाज, ढिसाळ देखभाल, मालाची खोटी नोंद ही मूळ दुखणी लहान-मोठ्या सगळ्यांनाच आहेत. आकारामुळे त्या दुखण्याचा परिणाम कितीतरी पटीनं वाढतो. मोठ्या जहाजाला ओढायला तेवढ्याच ताकदीच्या टगबोटी आणि कंटेनर उतरवायला तेवढ्या उंच क्रेन लागतात. त्या दर बंदरात नसतात.

वाढवणला काय येणार?

पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या वाढवण इथं ३० ऑगस्ट २०२४ रोजी नव्या बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. इथं सुमारे २० मीटर खोली मिळते, म्हणून जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं थेट येऊ शकतील, हे या बंदराचं मुख्य कारण सांगितलं जातं. स्थानिक मच्छीमारांचा विरोध जुना आहे. ‘चित्रा’चं तेल ज्यांनी पाहिलं, त्यांची भीती उगाच नाही. बंदर झालं तर अपघाताच्या वेळी लागणारी साधनंही जहाजांच्याच मापाची हवीत.

माल पाठवणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

१) ‘जनरल ॲव्हरेज’ हा समुद्री व्यापाराचा जुना नियम आहे. जहाज आणि माल वाचवण्यासाठी मुद्दाम केलेला खर्च किंवा सोसलेलं नुकसान जहाजमालक आणि सगळे मालधनी मिळून वाटून घेतात. आपला कंटेनर धडधाकट असला तरी हमी दिल्याशिवाय माल हाती मिळत नाही. ‘एव्हर गिव्हन’च्या वेळी हेच झालं. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते, नसेल तर पैसे स्वतःच भरावे लागतात. म्हणून दोन-चार हजार वाचवायला सागरी विमा टाळू नये.

२) १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत. वजन अंदाजानं लिहू नये. चुकीच्या वजनानं थर कोसळतात.

३) समुद्रात पडलेल्या कंटेनरची माहिती जहाजाच्या कप्तानानं कळवणं १ जानेवारी २०२६ पासून आंतरराष्ट्रीय नियमानं बंधनकारक झालं आहे.

जहाजावर नोकरीला जाणाऱ्यांसाठी

मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एजंटकडे नौवहन महानिदेशालयाचा भरती परवाना (आरपीएसएल) आहे की नाही, हे आधी तपासावं. परवानाधारकांची यादी महानिदेशालयाच्या वेबसाइटवर मिळते. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. जहाजाचं नाव, वय, त्यावर कुठल्या देशाचा झेंडा आहे आणि विमा आहे का, हे करारावर सही करण्याआधी विचारावं. पगार किती हे सगळेच विचारतात. आग लागली तर जहाजावर विझवायची सोय काय आणि सराव किती वेळा होतो, हेही तितक्याच हक्कानं विचारावं.